आमची वाटचाल : गावोगावच्या बँकांच्या नोटा

न्यू जर्सीत दुकान थाटलं तेव्हा जे मिळेल ते विकायचो: नाणी, टपाल तिकिटं, ब्रिटिश अमलातल्या भारताच्या नोटा. मग बायकोनं एका दिवाळीत वह्या तपासल्या, तर नफा सगळा एकाच खणातून येत होता. अमेरिकेच्या नॅशनल बँक नोटा, 1863 ते 1935 मधल्या. बाकीचा माल आम्ही हळूहळू काढून टाकला.

या नोटांची तऱ्हाच निराळी. बँकेनं सरकारी रोखे वॉशिंग्टनला तारण ठेवायचे, सरकारनं तिचं नाव, गाव आणि चार्टर (म्हणजे बँक चालवायच्या परवान्याचा) क्रमांक घालून नोटा द्यायच्या. सुरुवातीच्या काळात न कापलेले ताव बँकेत यायचे. अध्यक्ष आणि कॅशियर सह्या करायचे, मगच कात्री चालायची. अशा नोटा काढणाऱ्या बँका बारा हजारांवर होत्या.

त्यामुळे भाव ठरतो तो गावावरून. 1929 च्या मालिकेतली न्यूयॉर्कच्या बड्या बँकेची हाताळलेली नोट दर्शनी किमतीच्या थोड्याच पटीत जाते. त्याच छापाची नोट आडगावच्या बँकेची निघाली आणि संग्राहकांच्या नोंदीत तशा दोन-तीनच असल्या, तर आकडा हजारांत. वायोमिंग किंवा डाकोटा राज्य होण्याआधी तिथे निघालेल्या नोटा आमच्या खिशाला परवडत नाहीत. लिलावात नुसत्या बघून येतो.

'शंभर वर्षांची आहे हो!' म्हणून लोक हक्कानं भाव मागतात. त्यातल्या बऱ्याच तपकिरी शिक्क्याच्या नोटा फेडरल रिझर्व्ह बँकांच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतल्या विभागीय बँकांच्या, निघतात. दिसायला सख्ख्या बहिणी, पण गावच्या बँकेचं नाव नाही. वाईट वाटतं सांगताना, पण सांगतो.

धंद्यात काहीजण घडी पडलेली नोट धुऊन, दाबून 'कोरी' करतात. आम्ही ते करत नाही. घडी असेल तर घडी लिहितो. महागाची नोट ग्रेडिंगला, म्हणजे त्रयस्थाकडून तिचा दर्जा ठरवून घ्यायला, पाठवतो. बाकीच्यांना आमचा शब्द पुरतो.

आमचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे पणजोबांची सही शोधत येणारं. ते घासाघीस करत नाही, आणि आम्हीही जास्त सांगत नाही.

सध्या मिडलसेक्स आणि सॉमरसेट काउंटीतल्या छोट्या बँकांच्या, 1902 च्या लाल शिक्क्याच्या नोटा हव्या आहेत. घरात असल्यास फाटकी का असेना, तशीच आणा. चिकटपट्टी तेवढी लावू नका.