कॅलिफोर्नियात माहिती अधिकाऱ्याचा पगार कसा ठरतो

माझा मावसभाऊ नाशिक जिल्ह्यातील एका तहसील कार्यालयात नायब तहसीलदार आहे आणि माहिती अधिकार कायद्याखाली त्या कार्यालयाचा जन माहिती अधिकारीही आहे. गेल्या दिवाळीत त्याने फोनवर विचारले, "ताई, तुझ्या ओळखपत्रावर पण पब्लिक इन्फर्मेशन ऑफिसरच लिहिलंय ना? मग तुला पगार किती मिळतो?" कॅलिफोर्नियातील एका काउंटीत, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्हा प्रशासनासारख्या संस्थेत, मी सहा वर्षांपासून या पदावर आहे. आकडा सांगायला मला संकोच वाटला नाही, कारण माझा पगार इथे कोणालाही संगणकावर पाहता येतो. मात्र तो आकडा तसा का आहे, हे समजावून सांगायला एक फोन पुरला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी नावाचा घोळ सोडवायला हवा. आपल्याकडे २००५ च्या कायद्यातील कलम ५ नुसार प्रत्येक कार्यालयाने आपल्याच एखाद्या अधिकाऱ्याला जन माहिती अधिकारी म्हणून नेमायचे असते. त्यासाठी वेगळे पद निर्माण होत नाही आणि वेगळी वेतनश्रेणीही मिळत नाही. उलट अर्जदाराला ३० दिवसांत माहिती दिली नाही आणि त्यासाठी वाजवी कारण नसले, तर कलम २० नुसार दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड त्या अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. माझे काम वेगळे आहे. पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, पूर, वणवा किंवा साथ आली की लोकांना वेळेवर सूचना देणे आणि काउंटीचे निर्णय सामान्य माणसाला समजतील अशा भाषेत मांडणे, हे ते काम आहे. महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळचे पद शोधायचे तर ते माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील जिल्हा माहिती अधिकाऱ्याचे होय.

आता आकडे. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाकडे आमच्या पदाची स्वतंत्र नोंद नाही. आम्हाला जनसंपर्क तज्ज्ञांच्या गटात मोजले जाते. मे २०२३ मध्ये या गटाच्या वार्षिक वेतनाचा मध्यक ६६,७५० डॉलर होता, म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून कमी आणि निम्म्यांना त्याहून जास्त मिळत होते. या गटात खासगी कंपन्यांत आणि जाहिरात संस्थांत काम करणारेही येतात, त्यामुळे सरकारी माहिती अधिकाऱ्याला या आकड्यावरून केवळ दिशा कळते. घरी बसून या रकमेला रुपयाच्या दराने गुणण्याचा मोह होतो, पण घरभाडे, पाळणाघर आणि कुटुंबाच्या आरोग्यविम्यातील आपला वाटा वजा केल्याशिवाय त्या गुणाकाराला अर्थ नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारची रचना समजायला सर्वांत सोपी आहे, कारण आपल्या वेतन आयोगाच्या तक्त्याशी तिचे साम्य आहे. तिथे १५ श्रेणी आणि प्रत्येक श्रेणीत दहा पायऱ्या असतात. पहिल्या तीन पायऱ्यांवर प्रत्येकी एक वर्ष, पुढच्या तिन्हींवर प्रत्येकी दोन आणि त्यानंतरच्या तिन्हींवर प्रत्येकी तीन वर्षे थांबावे लागते, म्हणजे तळापासून माथ्यापर्यंत जायला १८ वर्षे लागतात. जनसंपर्काची केंद्रीय पदे १०३५ या क्रमांकाच्या मालिकेत येतात. अनुभवी अधिकारी बाराव्या श्रेणीत असेल, तर २०२४ च्या तक्त्यानुसार पहिल्या पायरीवर त्याचे मूळ वेतन ७४,४४१ डॉलर होते. परंतु प्रत्यक्ष पगार गावावर ठरतो. सॅन फ्रान्सिस्को परिसरात त्या वर्षी मूळ वेतनावर ४५.४१ टक्के, वॉशिंग्टन परिसरात ३३.२६ टक्के आणि ज्या भागांचा वेगळा उल्लेख नाही तिथे १६.८२ टक्के वाढ मिळत होती. त्यामुळे एकाच श्रेणीतील, एकाच पायरीवरील तीन माणसांना अनुक्रमे १,०८,२४५, ९९,२०० आणि ८६,९६२ डॉलर मिळत होते.

आपल्याकडील वाचकाला हे शहरांच्या एक्स, वाय आणि झेड वर्गांवर ठरणाऱ्या घरभाडे भत्त्यासारखे वाटेल, मलाही सुरुवातीला तसेच वाटले होते. पण यामागचे तत्त्व निराळे आहे. १९९० च्या कायद्याने ही स्थानिक वाढ त्या परिसरातील महागाईवर न ठरवता, तिथे तशाच कामासाठी केंद्र सरकारबाहेरचे मालक किती पगार देतात त्यावर ठरवली. सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी माहिती अधिकाऱ्याचा पगार म्हणजे एका अर्थी शेजारच्या तंत्रज्ञान कंपन्यांनी वर ओढलेला पगार आहे. शिवाय ही वाढ निवृत्तिवेतनाच्या हिशेबातही धरली जाते. आपल्या घरभाडे भत्त्याला तो मान नाही.

काउंटी आणि नगरपालिकांत मात्र देशभर लागू असलेला कोणताही तक्ता नाही, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे. कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी एका पदाला पाच पायऱ्या असतात आणि दोन पायऱ्यांमध्ये साधारण पाच टक्क्यांचे अंतर असते. मी दुसऱ्या पायरीवर रुजू झाले आणि शेवटच्या पायरीवर पोहोचून मला आता काही वर्षे झाली आहेत. यापुढे कर्मचारी संघटनेच्या करारातून मिळणारी महागाईवाढ एवढीच माझी वाढ. मग या पाच पायऱ्यांची उंची कोण ठरवते? काही वर्षांनी एकदा काउंटी बाहेरच्या सल्लागाराकडून वेतनाचा तुलनात्मक अभ्यास करून घेते. दहाबारा तुल्य संस्था निवडल्या जातात, त्यांच्याकडील आमच्यासारख्या पदाच्या शेवटच्या पायरीचे वेतन मांडले जाते आणि त्या रांगेच्या मध्यापासून आपण किती वर किंवा खाली आहोत ते पाहिले जाते. सारा वाद तुल्य कोण यावर होतो. आमच्या मनुष्यबळ विभागाचे म्हणणे असते की आपली तुलना कॅलिफोर्नियाच्या मध्यवर्ती खोऱ्यातील शेतीप्रधान काउंट्यांशीच व्हावी. आम्ही म्हणतो की आमचे सहकारी नोकरी सोडून सॅक्रामेंटोला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, किंवा बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसरात जातात, तेव्हा तीही नावे यादीत हवीत. या सहा वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे: ज्याच्या हातात ती यादी, त्याच्या हातात निम्मा पगार. माणूस किती चांगले लिहितो किंवा बोलतो, याचा परिणाम नेमणुकीवर होतो, पण श्रेणीवर जवळजवळ होत नाही.

पदनाम आणि पदाची जागा हेही महत्त्वाचे घटक आहेत. आरोग्य किंवा सार्वजनिक बांधकाम अशा एखाद्या विभागात बसणारा माहिती अधिकारी आणि काउंटीच्या मुख्य प्रशासकाला थेट उत्तरदायी असणारा अधिकारी यांचे रोजचे काम बरेचसे सारखे असते, पण दुसऱ्याला सहसा व्यवस्थापकाचे पदनाम असते आणि त्याच्या वेतनाची पट्टी वेगळी असते. लहान शहरात एकच माणूस बातमीपत्र, समाजमाध्यमे, छायाचित्रे आणि नागरिकांचे माहितीचे अर्ज असे सगळे सांभाळतो. संस्था छोटी म्हणून त्याची श्रेणी खालची राहते, आणि हे मला न्याय्य वाटत नाही.

नोकरी बदलताना मात्र इथल्या दोन कायद्यांनी मला मोठा आधार दिला. १ जानेवारी २०१८ पासून कॅलिफोर्नियात उमेदवाराला त्याचा आधीचा पगार विचारायला बंदी आहे, आणि २०२३ पासून १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक मालकाने जाहिरातीत वेतनाची पट्टी छापणे बंधनकारक आहे. माझा आधीचा अनुभव नाशिकच्या एका दैनिकातील उपसंपादकाचा आणि इथल्या एका महाविद्यालयातील अर्धवेळ नोकरीचा होता. त्या पगारांवरून माझी पायरी ठरली असती, तर मी पहिल्या पायरीवरच राहिले असते. "सध्याचा पगार सांगा, त्यावर वीस टक्के देतो" अशा मुलाखती ज्यांनी पुण्यामुंबईत दिल्या आहेत, त्यांना या बंदीचे मोल वेगळे सांगायला नको.

आता गणवेशाविषयी. पत्रकार परिषदेत माझ्या शेजारी बऱ्याचदा शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयातील माहिती अधिकारी उभा असतो. त्याचे पद पोलिसातील सार्जंटचे आहे आणि माहितीचे काम ही त्याची काही वर्षांची नेमणूक आहे. त्याला सार्जंटचा पगार मिळतो, रात्री घटनास्थळी गेल्यास जादा वेळेचा मोबदला मिळतो आणि निवृत्तिवेतनाचे सूत्रही निराळे आहे. २०१३ नंतर सेवेत आलेल्या माझ्यासारख्या नागरी कर्मचाऱ्याला वयाच्या ६२ व्या वर्षी निवृत्त झाल्यास सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी दोन टक्के मिळतात, म्हणजे २५ वर्षांच्या सेवेनंतर सरासरी अंतिम वेतनाच्या ५० टक्के. सुरक्षा सेवेतील माणसाला ५७ व्या वर्षी प्रत्येक वर्षासाठी २.७ टक्क्यांपर्यंत मिळू शकतात, म्हणजे तेवढ्याच सेवेला ६७.५ टक्के. तो जिवावरचा धोका पत्करतो, त्यामुळे त्याच्या सूत्राबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार जादा वेळेबद्दल आहे. १९३८ च्या संघीय श्रमकायद्यात प्रशासकीय स्वरूपाच्या कामाला जी सूट आहे, तिच्यात आमच्यापैकी अनेकांना बसवले जाते. वणव्याच्या आठवड्यात सत्तर तास काम केले तरी पगार चाळीस तासांचाच असतो. बऱ्याच संस्था त्याऐवजी वर्षाला काही दिवसांची प्रशासकीय रजा देतात. पण ज्यांच्या रजेच्या दिवशीही फोन वाजतो, त्यांना ती रजा पुरी घेता येतेच असे नाही.

आपत्तीच्या कामात या पदाला जो मान आहे, तो पगाराच्या तक्त्यात उमटलेला नाही. १९७० च्या कॅलिफोर्नियातील भीषण वणव्यांनंतर इथे आपत्ती हाताळण्याची एक शिस्त तयार झाली, आणि पुढे ती देशभर स्वीकारली गेली. त्या रचनेत घटनाप्रमुखाच्या लगत तीनच अधिकारी असतात: सुरक्षा अधिकारी, समन्वय अधिकारी आणि माहिती अधिकारी. त्यासाठी ठरावीक प्रशिक्षणे घ्यावी लागतात. त्यांनी पगार लगेच वाढत नाही, परंतु मोठ्या संस्थेत जायचे असेल तर ती लागतातच.

ज्या गोष्टीसाठी मी हे क्षेत्र निवडले, त्या गोष्टीला तक्त्यात किती किंमत आहे, हे सांगितल्याशिवाय हे लेखन पुरे होणार नाही. १२ फेब्रुवारी २०१७ रोजी, रविवारी दुपारी, अमेरिकेतील सर्वांत उंच धरणाचा, म्हणजे ओरोव्हिल धरणाचा, आपत्कालीन सांडवा झिजू लागला आणि खालच्या भागातील सुमारे १,८८,००० लोकांना घर सोडण्याचे आदेश निघाले. त्यात युबा सिटी होते, आणि तिथे पंजाबी शेतकऱ्यांची मोठी, जुनी वस्ती आहे. सॅक्रामेंटो परिसरातील गुरुद्वारांनी सर्वांसाठी दारे उघडली. मी तेव्हा सॅक्रामेंटोत राहत होते आणि मदतीला म्हणून एका गुरुद्वारात गेले होते. तिथे सत्तरीच्या पुढची एक आजी हातातला फोन माझ्यासमोर धरून पुन्हापुन्हा विचारत होती की यात काय लिहिले आहे, घरी परत जायचे की नाही. संदेश इंग्रजीत होता. मी हिंदीत समजावले, तिला निम्मे समजले, शेजारच्या मुलीने उरलेले पंजाबीत सांगितले. त्या रात्री मी ठरवले की हेच काम करायचे.

आज आमच्या काउंटीच्या करारात दुसरी भाषा येणाऱ्या कर्मचाऱ्याला दरमहा दीडशे डॉलर भाषाभत्ता आहे, पण तो यादीतील भाषांसाठीच आहे आणि यादीत फक्त स्पॅनिश आणि ह्माँग (आग्नेय आशियातून आलेल्या एका समाजाची भाषा) या भाषा आहेत. पंजाबी नाही, हिंदीही नाही. या सहा वर्षांत मी कामापुरती पंजाबी शिकले, लस आणि उष्णतेच्या लाटेविषयीची किती तरी निवेदने त्या भाषेत तपासली, वृद्ध शेतकऱ्यांचे फोन घेतले. हे काम माझ्या पदाच्या वर्णनात नाही आणि पगारातही नाही. भत्त्याची रक्कम छोटी आहे, आणि रकमेसाठी मी भांडत नाही. एखादी भाषा यादीत आली, की तिची परीक्षा होते, तिच्यासाठी माणसे नेमली जातात आणि रात्री दोन वाजता त्या भाषेत सूचना देणे ही कोणाची तरी जबाबदारी होते. नाही तर ती कोणाच्या तरी चांगुलपणावर सोडली जाते.

हे सगळे मी इतक्या मोकळेपणाने लिहू शकते, कारण इथे सरकारी पगार ही खासगी बाब मानली जात नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांची नावे आणि त्यांचे वेतन हे सार्वजनिक दस्तऐवज ठरवले. तरीही २०१० मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या बेल या छोट्या शहराचे व्यवस्थापक रॉबर्ट रिझ्झो यांचा पगार वर्षाला जवळजवळ आठ लाख डॉलर असल्याचे लॉस एंजेलिस टाइम्सने उघड केले. राष्ट्राध्यक्षांचा पगार चार लाख आहे. त्याआधी एका रहिवाशाने पगार विचारला होता, तेव्हा त्याला खोटे आकडे देण्यात आले होते. रिझ्झो यांना पुढे बारा वर्षांची शिक्षा झाली, आणि राज्याच्या नियंत्रकांनी सर्व शहरे आणि काउंट्यांची वेतने एकाच संकेतस्थळावर मांडायला सुरुवात केली. त्या शहरात विचारणाऱ्याला खरी माहिती मिळाली असती, तर ते प्रकरण दोन वर्षे आधीच उघडे पडले असते.

भावाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आपल्याकडेही आहे की कायद्यात. कलम ४ मध्ये प्रत्येक अधिकाऱ्याचा मासिक पगार स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगितलंय." त्याचे म्हणणे बरोबर आहे, ती तरतूद २००५ पासून आहे. त्याच्या कार्यालयाने ती यादी शेवटची केव्हा अद्ययावत केली, असे मी विचारले. तो पाहून सांगतो म्हणाला, आणि आठवड्याने त्याने नवी यादी लावल्याचे छायाचित्र पाठवले. त्यात त्याचे नाव चौथे होते.

आमच्या नव्या कराराची बोलणी येत्या वसंतात सुरू होतील. भाषाभत्त्याच्या यादीत पंजाबी घालावी, हा प्रस्ताव मी संघटनेकडे लेखी दिला आहे, आणि त्याला जोडून गेल्या तीन उन्हाळ्यांत पंजाबीत आलेल्या फोनची नोंदवहीही दिली आहे.