मळभ चित्रकाराचं की वॉर्निशचं?

बुखारेस्टच्या एका खासगी संग्रहातलं सागरचित्र माझ्याकडे सफाईला आलं होतं. पुठ्ठ्यावर तैलरंग, रोमानियन चित्रकार गेओर्गे पेत्राश्कू (1872–1949) यांच्या नावावर. तपकिरी आभाळ, काळा समुद्र, क्षितिजावर मधाळ उजेडाची फट. मालकांची अट एकच, ‘त्यातलं मळभ जाऊ देऊ नका.’

त्यांच्या काळातले चित्रकार इझेर, टोनित्झा काळ्या समुद्राकाठच्या बाल्चिकचं (ते गाव 1913 ते 1940 रोमानियात होतं) ऊन रंगवत असताना पेत्राश्कूंचा रंग गडदच राहिला, थरावर थर, मिनेकामासारखा. अशा हाताच्या चित्रावर वॉर्निश पिवळं पडलं तरी कुणाला संशय येत नाही. लिलाववाले त्या तपकिरीलाच ‘मूड’ म्हणून विकतात.

अतिनील दिव्याखाली सगळं चित्र हिरवट चमकलं, म्हणजे नैसर्गिक राळेचं जुनं वॉर्निश. आधी काजळी काढली. क्षार काढलेल्या (डीआयनाइज्ड) पाण्यात 1 टक्का ट्रायअमोनियम सिट्रेट, म्हणजे मळ सोडवणारा क्षार. कापसाची काडी नुसती फिरवायची, घासायची नाही. मग वॉर्निश विरघळवायला आयसोऑक्टेन या सौम्य द्रावकात आयसोप्रोपॅनॉल हे अल्कोहोल 10 टक्क्यांपासून वाढवत नेलं. 30 टक्क्यांना वॉर्निश सुटलं. आभाळात नखाएवढी खिडकी (चाचणीपुरती साफ केलेली जागा) उघडली तर आत थंड, जांभळट राखाडी! समुद्रातली खिडकी मात्र काळीच राहिली. तिथला काळोख खरा होता.

जाड रंगात उंचवट्यांवरचं वॉर्निश लगेच जातं, खाचांतलं बसून राहतं आणि रंग ठिपकेदार दिसतो. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक खाच टोकदार काडीने साफ करावी लागते.

पण घोळ झाला तो क्षितिजाशी. ती फट म्हणजे रंग नव्हताच, चित्रकाराने मुद्दाम उघडा ठेवलेला पुठ्ठा होता. त्यात राळ मुरून तो कायमचा काळवंडलेला. द्रावण लावलं तर राळ आणखी आत जाते. तपकिरी आभाळाखाली ती फट उजेड वाटायची. आभाळ राखाडी होऊ लागलं तसा तिथे मळका ओरखडा दिसू लागला. उघड्या पुठ्ठ्यावर वॉर्निशचा ब्रश फिरवणाऱ्यावर माझा खरा राग आहे.

पुठ्ठ्यावर रंग लावून फट उजळवणंही नको, कारण तो रंगही आत मुरतो आणि परत निघत नाही. शेवटी आभाळातलं वॉर्निश पूर्ण न काढता सगळीकडे सारखं पातळ केलं, फट जेमतेम उजेड वाटेल इतपत. सहकाऱ्याच्या मते हे आभाळ चित्रकाराचं नाही. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. पूर्ण साफ केलं असतं तर आभाळ चित्रकाराचं झालं असतं, पण क्षितिज कुणाचंच उरलं नसतं.

मालक खूश आहेत, मळभ टिकलं म्हणून. राखलेला थर कुठे किती जाड आहे आणि 30 टक्क्यांना सुटतो, हे छायाचित्रांसह अहवालात नोंदवलंय. पुढच्याला पटलं नाही, तर तो काढू शकेल.