कूलर, फ्लँजर आणि सा-प-रे: समर्सच्या सुराच्या मागावर

आधी हिशेब सांगतो. ‘पोलिस’ या रॉक बँडचा गिटारवादक अँडी समर्स, त्याचा तो लखलखीत क्लीन (न फाटलेला) सूर बारा आणे जमलाय, चार आणे बाकी आहेत. नमुना म्हणून समोर ठेवलंय ‘मेसेज इन अ बॉटल’, 1979 चं. पोलिस म्हटलं की ज्यांना फक्त 1983 चं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ आठवतं, त्यांनी दम धरा. त्याचीही पाळी खाली येते.

साहित्य जेमतेम आहे. टेलिकास्टर (‘टेली’) घाटाची स्वस्त गिटार, पायाने चालवायचे तीन पेडल म्हणजे वापरलेला कॉम्प्रेसर, बीबीडी (सूर मागे ठेवणारी) चिपवाला एक फ्लँजर आणि साधा अ‍ॅनालॉग डिले (प्रतिध्वनीचा), शिवाय ट्रान्झिस्टरचा छोटा अँप. ‘असली टेली पाहिजे’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की खुद्द समर्सची टेलीही कंपनीतून निघाली तशी राहिलेली नव्हती. साठच्या दशकाच्या सुरुवातीची ती गिटार त्याने सत्तरीत कुणाकडून तरी विकत घेतली, आणि आधीच्या मालकाने तिच्यात नेकजवळ हंबकर (तारांची कंपनं टिपणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप), पोटात प्रीअँप (सूर आधीच वाढवणारं सर्किट) आणि फेज उलटवायचा स्विच असं सगळं बसवून ठेवलेलं होतं. तेव्हा छेडछाड करायला माझी काही हरकत नाही.

मार्चअखेर

पेडल खोक्यातच ठेवले. नुसती गिटार अँपला जोडून कॉर्ड बसवल्या, तेही मुद्दाम. या सुराची निम्मी चमक कॉर्डच्या बांधणीत आहे असं माझं मत होतं आणि आता ते पक्कं झालंय.

पहिली कॉर्ड अशी: पाचव्या तारेवर चौथा फ्रेट, चौथ्या तारेवर सहावा, तिसऱ्या तारेवर आठवा. म्हणजे सी शार्प, जी शार्प, डी शार्प. आपल्या पेटीच्या हिशेबाने काळी एकचा सा धरा. मग हे झालं सा, प आणि वरच्या सप्तकातला रे. गंधार गायब! शुद्ध ग नाही म्हणून मेजर म्हणता येत नाही, कोमल ग नाही म्हणून मायनर म्हणता येत नाही. पंचमावर पंचम रचलेला, आणि मधे भरपूर मोकळी जागा. खालच्या सुरांत गंधार घुसला की त्यांची खिचडी होते. तो नाही म्हणून प्रत्येक तार सुटी ऐकू येते आणि पुढे फ्लँजरला खेळायला जागा मिळते. शिवाय बँडमध्ये माणसं तीनच. गिटारने जागा भरायची, पण गाण्याच्या आणि बेसच्या अंगावर जायचं नाही. ते काम ही बांधणी बिनबोभाट करते.

पुढे हीच आकृती सहाव्या तारेवरून घ्यायची: पाचव्या फ्रेटवर ए, सातव्यावर बी आणि दुसऱ्यावर एफ शार्प. तो शेवटचा एफ शार्प म्हणजे बोटांची परीक्षा. पहिलं बोट दुसऱ्या फ्रेटवर, करंगळी सहाव्यावर, आणि तिथे फ्रेट किती रुंद असतात ते तुम्हाला माहीतच आहे. अंगठा नेकच्या वरून डोकावत असेल तर करंगळी पोचतच नाही. अंगठा मागे, नेकच्या मधोमध आणि पहिल्या-दुसऱ्या बोटाच्या समोर आणला, मनगट थोडं पुढे ढकललं, की पोचते. आधी सातव्या फ्रेटवर सराव करा आणि रोज एकेक फ्रेट खाली उतरा. मनगट दुखलं तर थांबा, हट्ट नको.

‘एव्हरी ब्रेथ’मध्ये हाच हात आहे, फक्त वर गंधार ठेवलाय. ए कॉर्डला सा-प-रे, आणि तिसऱ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर शुद्ध ग. मग एफ शार्प मायनरला सा-प-रे, आणि त्याच तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर कोमल ग, पहिलं बोट आडवं दाबून. या चालीमागे बार्तोकची व्हायोलिनची युगुलं आहेत असं समर्सने स्वतः सांगितलेलं आहे. उजव्या तळव्याची कड ब्रिजवर हलकीच टेकवली नाही, तर हा तुकडा नुसता भजनासारखा सुटतो.

मे, आणि मग नवतपा

आता अस्सल नागपुरी अडचण. कूलर.

कॉम्प्रेसर लावल्याशिवाय हा सूर होत नाही. तो सुरुवातीचा ठोका दाबतो आणि विझत जाणारा सूर उचलून धरतो, म्हणून कॉर्ड सपाट, लांब आणि काचेसारखी राहते. पण तो सूर उचलतो तशी घरघरही उचलतो. ब्रिजचा सिंगल-कॉइल पिकअप म्हणजे तारेचं वेटोळंच, आणि चार हातांवर कूलरची मोटर. कॉर्ड वाजवली की सगळं छान. ती विझायला लागली की खालून ‘घूंऽऽ’ वर येतं आणि पुढची कॉर्ड पडेपर्यंत खोली भरून टाकतं. कूलर बंद करा म्हणणाऱ्याने मे महिन्यात दुपारी धरमपेठेत येऊन दाखवावं.

कान देऊन ऐकलं तर आवाज दोन निघाले. ‘घूं’ मोटरचं, 50 हर्ट्झचं. त्यावर बारीक ‘झर्र’ पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचं. हा रेग्युलेटर विजेची लाट कापून वेग कमी करतो, म्हणून पंखा फुल्ल केला की ‘झर्र’ जवळजवळ जातं. ‘घूं’साठी खुर्ची फिरवत बसलो. गिटार मोटरच्या संदर्भात एका ठरावीक कोनात आली की आवाज एकदम पडतो. तिथे फरशीवर खडूने खुर्चीच्या पायांच्या खुणा करून ठेवल्यात. घरचे पुसतात, मी पुन्हा करतो.

पक्का इलाज म्हणजे नेकजवळ हंबकर. त्यात दोन वेटोळी उलटसुलट गुंडाळलेली, चुंबकंही उलट, त्यामुळे तारांचा आवाज जुळतो आणि बाहेरची घरघर एकमेकींना खाते. तो बसवला, पण त्याचा आवाज जरा जाड. म्हणून बर्डीतून 500 किलोओमचा व्हॉल्यूम पॉट (आवाजाच्या बटणाखालचा बदलता रोध) आणला आणि आधीचा 250 चा काढला. रोध जास्त तेवढं ट्रेबल कमी गळतं. केबलही लांबलचक होती, ती आखूड केली. प्रत्येक मीटरमागे थोडं थोडं ट्रेबल जमिनीत जातं. दोन्ही बदलांनी मिळून जी झळाळी परत आली, ती कुठल्याही पेडलने आली नसती.

मृग

पाऊस आला, कूलर थांबला, फ्लँजर बाहेर काढला. पुष्कळ जण समर्सच्या त्या आवाजाला कोरस म्हणतात. पोलिसच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याच्याकडे असायचा तो इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा ‘इलेक्ट्रिक मिस्ट्रेस’, म्हणजे फ्लँजर. सुराची एक प्रत काही मिलिसेकंदांनी मागे ठेवायची आणि मूळ सुरात मिसळायची. काही कंपनं एकमेकांना मारतात, काही वाढतात, आणि ते अंतर सावकाश बदलत राहिलं की चमक तारांवरून सरकत जाते. कोरसमध्ये प्रत आणखी मागे असते आणि ती फिरवून परत आत सोडत नाहीत, म्हणून तो जाडसर, गुळगुळीत लागतो.

माझ्याही पेडलला रेट (लाटेचा वेग), रेंज (लाटेचा पल्ला) आणि कलर (परत आत सोडलेल्या सुराचं प्रमाण) अशी तीन बटणं आहेत. पहिल्या संध्याकाळी तिन्ही निम्म्यावर ठेवून वाजवलं, तर दारातून मित्र म्हणाला, “काहून बे, पाण्यात बसून वाजवून राहिला का?” त्याचं बरोबर होतं. सध्याची मांडणी अशी: रेट अगदी तळाशी, रेंज निम्म्याच्या जरा वर, कलर शून्याच्या आसपास. फ्लँजर चालू आहे हे तो बंद केल्यावरच कळावं, इतकाच. क्रम गिटार, कॉम्प्रेसर, फ्लँजर, डिले. कॉम्प्रेसर फ्लँजरच्या नंतर ठेवला तर फ्लँजरची सळसळही तो वर उचलतो आणि लाटेचे चढउतार सपाट करतो. कॉम्प्रेसरची सेन्सिटिव्हिटी निम्म्याच्या अलीकडे. डिले लयीत, पण इतका हळू की मोजायला गेलं तरच सापडावा. 120 च्या लयीला मात्रा 500 मिलिसेकंदांची, मी अर्धी धरतो, 250. अँपवर बेस जवळजवळ बंद. एकट्याने वाजवताना हे फार पातळ वाटतं, बेसवाला शेजारी उभा राहिला की बरोबर बसतं.

पावसाने एक नवं काम दिलंय. दमट हवेत तारा दोन-तीन आठवड्यांत मंद पडतात, आणि मंद तारांवर यातलं काहीच चालत नाही. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार खालूनसुद्धा पुसा.

उरलेले चार आणे रुंदीचे आहेत. रोलंडच्या जेसी-120 या अँपमध्ये, 1975 सालच्या, दोन स्वतंत्र अँप आणि दोन 12 इंची स्पीकर असतात. कोरस लावला की एकातून कोरा सूर, दुसऱ्यातून हललेला, आणि मिसळ होते ती खोलीच्या हवेत. तेवढा अँप परवडत नाही, पण माझ्या फ्लँजरला दोन आउटपुट आहेत आणि मित्राकडे दुसरा अँप. तो येत्या रविवारी घेऊन येतोय. दोन्ही अँप एकाच बोर्डावरून लावणार आहे, नाहीतर दोन अर्थिंगच्या फेऱ्यातून पुन्हा ‘घूं’ सुरू होईल. तरीही झालं, तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची डबी लागेल. अर्थिंगची पिन कापायची नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. कुणी अशी डबी घरी बनवली असेल तर कोणता ट्रान्सफॉर्मर वापरला ते कळवा, रविवारच्या आत.