धडधड, दृष्ट आणि ईसीजी

आज धाकट्या भावाला घेऊन रत्नागिरीत दवाखान्यात बसले होते. वय 23, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, रात्रभर जागरण नि कोऱ्या चहावर चहा. हल्ली आडवा झाला की छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, "ताई, मला अ‍ॅटॅक येतोय गं" म्हणून उठून बसतो. आईचं ग्रामदैवत भैरीला गाऱ्हाणं घालून झालं, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. (माझी ना नाही, पण ईसीजीही काढावा की माणसाने!)

ईसीजी नॉर्मल आला. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला दिलंय, कारण त्यांच्या गडबडीतही अशीच धडधड होते. मग डॉक्टरांनी नीट समजावलं. भीतीने अ‍ॅड्रेनालिन वाढतं, त्याने ठोके वाढतात, आणि त्या ठोक्यांचीच पुन्हा भीती. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून मुंग्या. 'काही नाही, मनाचे खेळ' असं म्हणाले नाहीत, हे मला फार आवडलं.

बसल्या जागी 60 ते 100 ठोके नॉर्मल. पण धडधडताना शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला तर थेट हॉस्पिटल. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचंच.

त्याचं स्मार्टवॉच सध्या माझ्या कपाटात आहे. सारखा ठोकेच मोजत बसायचा! टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह केलाय. फोन फुकट, मराठीत बोलता येतं. चहाचं मात्र अजून भांडण चालू आहे.