आमची वाटचाल: कूलरच्या स्टँडपासून मिनी रॅकपर्यंत

बडोद्यात पत्र्याचं काम करणारे ढिगाने आहेत, पण दहा इंची सर्व्हर रॅक (राउटर, स्विच, छोटे कॉम्प्युटर एकावर एक स्क्रूने बसवायचा लोखंडी सांगाडा, दहा इंच रुंद) म्हटलं की लोक आधी आमच्याकडे यायचे, ही फुशारकी नाही, मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत कुणालाही विचारा. वडिलांच्या वेळी कूलरचे स्टँड, दुकानांची रॅक, पुढे सीसीटीव्ही आले तसे रेकॉर्डिंगच्या मशीनचे (डीव्हीआरचे) बॉक्स. बरं चालायचं.

रॅकचं खूळ घातलं दांडिया बाजारच्या काकांनी. आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीतून रिटायर झालेले. घरी राउटर, आठ पोर्टचा स्विच, दोन रास्पबेरी पाय (तळहाताएवढे कॉम्प्युटर) आणि एक सेकंडहँड थिंकसेंटर टायनी मिनी पीसी, सगळं टीव्हीमागे वायरींच्या गुंत्यात, काकू रोज ओरडायच्या. २०२० मध्ये मुलगा-सून घरूनच काम करायला लागले तेव्हा काका ग्राफ पेपरवर ड्रॉइंग काढूनच आले. "एकोणीस इंची ऑफिसात ठेव, मला दहा इंची हवंय, उंची सहा यू, भिंतीवर बसेल असं." मी म्हटलं, होऊन जाईल काका. "होऊन जाईल नको, वर्निअर काढ."

यू हे रॅकच्या उंचीचं माप, एक यू म्हणजे ४४.४५ मिमी आणि त्यात स्क्रूची तीन होल. पण ती होलं समान अंतरावर नसतात, १५.८७५, परत १५.८७५ आणि मग १२.७ मिमी. डाव्या-उजव्या होलांचं आडवं सेंटर टू सेंटर २३६.५ मिमी. काकांनी हे माझ्याकडून लिहून घेतलं, तो कागद लॅमिनेट करून पत्रा वाकवायच्या मशीनशेजारी (प्रेस ब्रेक) लावलाय. पत्रा १८ गेजचा सीआरसीए (कोल्ड रोल्ड पोलाद), कटिंग लेझरवर, पण लेझरनंतर कडा हाताने घासायच्याच, नाहीतर पॅच कॉर्ड (नेटवर्कची छोटी केबल) सोलते. आणि पावडर कोटिंगला पाठवण्याआधी टॅप केलेल्या (आटे पाडलेल्या) प्रत्येक होलात सिलिकॉनचं बूच, नाहीतर आट्यांत पावडर भाजली जाते आणि गिऱ्हाईक घरी स्क्रू पिळत बसतं. बुचं बसवायला आमची आई बसायची, तिच्याइतकं चिकाटीने कुणी करत नाही.

मग आला तो. नाव घेत नाही. आमच्याकडूनच एक रॅक बिल देऊन विकत नेलं, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ऑनलाइन निम्म्या भावात तसंच रॅक! २२ गेजचा, म्हणजे आमच्याहून पातळ पत्रा, बुचं-बिचं काही नाही, आणि साहेबांनी ४४.४५ ला सरळ तीनने भागून होलं पाडलेली. पहिला स्क्रू बसतो, पुढचे बसत नाहीत. फोटोत हे दिसत नाही हो, फोटोत किंमत दिसते. आमचे जुने डीलर, ज्यांना आम्ही सहा-सहा महिने उधारी दिली, तेसुद्धा तिकडे गेले.

त्यात २०२४ चा ऑगस्ट. गोकुळाष्टमीला पाऊस धरला, विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, मुजमहुड्याच्या गोडाऊनमध्ये छातीएवढं पाणी. तयार माल, कोरी शीट, कंप्रेसरची मोटर, सगळं चिखलात. गणपती तोंडावर, कामगारांचा पगार द्यायचा, आणि हे महाशय आमच्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगतायत की ते आता बंद झाले. बंद झाले म्हणे! काका फोन न करता स्कूटरवर आले, सोसायटीतल्या चौघांच्या ऑर्डरी आणि पूर्ण पैसे आगाऊ. "रॅक कधी देशील ते नंतर बघू, आधी मोटर रिवाइंड करून घे." त्या पैशांवर शेड परत उभी राहिली, बँकेने तर फॉर्मसुद्धा नीट दिला नव्हता.

तुम्ही घरी स्वतः रॅक बनवणार असाल तर खुशाल बनवा, २०-२० मिमीचं ॲल्युमिनियम प्रोफाइल घेऊन छान होतं. पण प्लायच्या बंद कपाटात ठेवू नका, बडोद्याचा मे महिना आहे, वरच्या बाजूला जाळी सोडा, शक्य तर पंखा. यूपीएस सगळ्यात खाली. मिनी पीसीमागे केबल वळायला जागा ठेवा, सगळे तिथेच फसतात. पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज) चालवायचं असेल तर शुद्ध तांब्याचीच कॅट सिक्स केबल घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल लांब अंतरावर व्होल्टेज खाते. आणि पोरांना क्रिम्पिंग (केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवणं) शिकवा, हल्ली कुणाला आतल्या तारांच्या रंगांचा क्रमसुद्धा येत नाही.

आता त्याची रॅकं आमच्याकडे येतात, होलं कानशीने लांबट करून द्यायला. करून देतो, पण मजुरी आधी घेतो, आणि बिलावर "इतर ठिकाणचा माल" असं मोठ्या अक्षरात लिहितो.