स्त्रीरोग विभागाचा केसपेपर : माझा अनुभव

मी ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, सुरू करून दोन वर्षं झाली होती. पाळी केव्हाच थांबली होती आणि अचानक रक्तस्राव सुरू झाला. चार दिवस झाले तरी थांबेना. खासगी दवाखाना झेपणारा नव्हता, म्हणून सरकारी रुग्णालयात गेलो. ही २०२३ची गोष्ट. तो दिवस आठवला की आजही संताप होतो.

कागद माझ्याकडे सगळे होते. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज आणि प्रतिज्ञापत्र भरलं होतं, ट्रान्सजेंडर असल्याचं जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र ३० दिवसांच्या आत हातात आलं होतं. ट्रान्सजेंडर व्यक्तींबाबतच्या २०२०च्या नियमांनुसार त्यासाठी शारीरिक तपासणीची अटही नव्हती. मला वाटलं, अवघड ते संपलं.

केसपेपरच्या खिडकीवर पाऊण तासानं नंबर लागला.

"कुठला विभाग, दादा?"

"स्त्रीरोग."

"पेशंट कुठंय?"

"मीच."

मागची रांग गप्प झाली. मी 'ट्रान्सजेंडर' अशी नोंद असलेलं ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी संगणकावर दोनतीनदा प्रयत्न केला. लिंगाच्या रकान्यात 'इतर' टाकलं की विभागांच्या यादीतून स्त्रीरोग गायबच व्हायचं. मग ते म्हणाले, "स्त्री टाकतो. चालेल ना, ताई?"

दादाची ताई व्हायला एक मिनिटही लागलं नाही. मी नाही म्हणालो. केसपेपरवर एकदा चुकीची नोंद झाली की सोनोग्राफी, रक्त, डिस्चार्ज, सगळीकडे तीच उतरते, आणि पुढे ओळखपत्राशी मेळ बसत नाही. त्यांनी दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, तिथून समाजसेवा अधीक्षकांकडे. त्या रजेवर होत्या. परत पहिल्या खिडकीवर आलो, तर नवी मागणी : "सर्जरीचा दाखला आणा." लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेचा तो दाखला तेव्हा ओळखपत्रावर पुरुष किंवा स्त्री अशी नोंद करून घ्यायची असेल तरच लागायचा, उपचारांसाठी नाही. हे मी तीनदा सांगितलं. रक्त जात होतं, पोटात कळा येत होत्या आणि मी भर रांगेत माझ्या शरीराचा खुलासा करत उभा होतो. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९च्या कायद्याचं पंधरावं कलम आमच्या आरोग्यसेवेची जबाबदारी सरकारवर टाकतं. ऑगस्ट २०२२मध्ये आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य विमा योजनेखाली आमच्यासाठी वर्षाला ५ लाखांचं संरक्षण जाहीर झालं. पण केसपेपरच निघत नसेल तर त्या ५ लाखांपर्यंत पोचायचं कसं?

वाट दाखवली ती सफाईच्या मावशींनी. "बाळा, मेडिसिनचा पेपर काढ. आतले डॉक्टर तिकडं लिहून देतील." मेडिसिनला, म्हणजे सर्वसाधारण आजारांच्या विभागाला, लिंगाची अडचण नव्हती. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पेपरवर हातानं स्त्रीरोग विभागाचा रेफरन्स लिहिला आणि अर्ध्या तासात मी आत होतो. तुमच्यावर ही वेळ आली तर खिडकीशी वाद घालत बसू नका, आधी हेच करा.

आतल्या डॉक्टर फार चांगल्या होत्या. दार लावून घेतलं, मग प्रश्न विचारले. माझी दोन इंजेक्शनं चुकली होती, त्यातून हे झालं होतं. त्यांनी गर्भधारणेची चाचणीही सांगितली. तुम्हाला ती सांगितली तर राग मानू नका. टेस्टोस्टेरॉन चालू असलं, पाळी बंद असली तरी गर्भ राहू शकतो. आणि रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर हार्मोन चालू असल्याचं लिहून घ्या. टेस्टोस्टेरॉननं हिमोग्लोबिन वाढतं, स्त्रियांच्या मापानं पाहिलं तर ते उगाच जास्त दिसतं.

बरं वाटल्यावर वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज दिला : कुठलंही लिंग नोंदवलं तरी सगळे विभाग खुले ठेवा, आणि बाहेर पुकारताना नंबर पुकारा, नाव नको. आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय टेबल सोडलं नाही. ती प्रत होती म्हणूनच नंतर पाठपुरावा करता आला.

फेरतपासणीलाही पेपर हातानंच लिहावा लागला. अर्जाचं उत्तर यायला चार महिने लागले. संगणकात बदल केल्याचं एका ओळीत कळवलं होतं; पुकारण्याबद्दल काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच खिडकीवर जाऊन खात्री करून आलो आणि पुकारण्याचा अर्ज नव्यानं दिला.