तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तकातली जादू आपल्या धर्मात चालते का?

वसईत मी रविवारी मुलांना ख्रिस्ती धर्मशिक्षण देते. वर्ग सुटला की एखादी आई मागे रेंगाळते आणि आवाज खाली आणून विचारते, "टीचर, पोरगं दिवसरात्र ते हॅरी पॉटर घेऊन बसलंय. मंत्र काय, झाडू काय. आपल्याला चालतं का हे?"

चालतं. पण शंका खुळी नाही, म्हणून एका शब्दात उत्तर देऊन मी कुणाला वाटेला लावत नाही.

बायबल जादूबद्दल गुळमुळीत बोलत नाही. त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात शकुन पाहणारे, चेटूक करणारे, मेलेल्यांना विचारायला जाणारे अशी यादीच आहे आणि देवाला त्यांचा वीट आहे असं स्पष्ट म्हटलंय. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19 मध्ये तर इफिस शहरातले लोक जादूटोण्याची पुस्तकं चौकात आणून जाळतात. किंमत लावली तर भरली 50 हजार चांदीची नाणी! डिसेंबर 2001 मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावी एका चर्चने हॅरी पॉटरची होळी केली. मार्च 2019 मध्ये पोलंडमध्ये काही कॅथलिक फादरांनीही तेच केलं आणि नंतर माफी मागितली. असं काही झालं की इफिसचा दाखला हमखास निघतो. पण तो उतारा नीट वाचा. इफिसकरांनी जाळली ती स्वतःची पुस्तकं, ज्यांच्या जोरावर ते जादूटोणा करत होते ती. दुसऱ्याच्या पोराच्या दप्तरातली गोष्ट काढून नाही जाळली.

रोमचं मत काय, हाही प्रश्न असतोच. 2003 मध्ये व्हॅटिकनच्या एका पत्रकार परिषदेत फादर पीटर फ्लीटवूड यांनी या पुस्तकांत वावगं काही नाही असं सांगितलं. त्याच वर्षी कार्डिनल रॅटझिंगर यांनी, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले, एका जर्मन लेखिकेला खासगी पत्रात उलट सूर लावला: यातली भुरळ सूक्ष्म आहे, म्हणून जपा. दोन्ही मतं आपापली. अधिकृत बंदी कधीच आली नाही.

मग पाहायचं काय? कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद 2117 मला यात सगळ्यांत उपयोगी वाटतो. गूढ शक्तींना आपल्या कह्यात आणून त्या राबवायच्या, दुसऱ्यावर सत्ता गाजवायची, हे पाप, असं तो सांगतो. आणि पुढे जोडतो: आजार बरा करण्यासाठी केलं तरीही.

हे 'तरीही' फार कठीण आहे. आई अंथरुणाला खिळली, डॉक्टरांनी हात टेकले, आणि शेजारचं कुणी कानात सांगतं की एकदा भगताकडे नेऊन बघ, काय बिघडलं? आमच्या पट्ट्यात हे ऐकलं नाही असं ख्रिस्ती घर सापडणं मुश्किल. अशा वेळी परिच्छेदाचा आकडा कुणाच्या कामी येत नाही. माझ्या वर्गात तिथे एक गोष्ट कामी येते, सी. एस. लुईस या ख्रिस्ती लेखकाची.

नार्निया या जादूच्या देशावरच्या त्यांच्या 7 पुस्तकांपैकी 1955 सालचं 'द मॅजिशियन्स नेफ्यू'. त्यातल्या डिगरी नावाच्या मुलाची आई मरणपंथाला लागलेली आहे. अस्लान, म्हणजे तो सिंह, त्याला दूरच्या एका बागेतून सफरचंद आणायला पाठवतो. बागेत चेटकीण आधीच पोचलेली. ती म्हणते, सिंहाला कशाला देतोस? घरी ने, आईला एक घास भरव, ती उठून बसेल. पोराचे हातपाय गळतात, पण ते सफरचंद तो अस्लानकडेच नेतो. मग अस्लान सांगतो की चोरलेल्या फळानेही आई बरी झाली असती. मात्र पुढे एक दिवस असा आला असता की त्या आजारातच मरण आलं असतं तर बरं, असं दोघांनाही वाटलं असतं. आणि एवढं बोलून झाल्यावर तोच त्याला आईसाठी एक फळ तोडून घ्यायला सांगतो.

लुईस यांची स्वतःची आई 1908 मध्ये कर्करोगाने गेली. ते तेव्हा 9 वर्षांचे होते. प्रार्थना करूनही ती वाचली नव्हती. हे माहीत असलं की तो प्रसंग नुसता उपदेश म्हणून वाचताच येत नाही. जादू इथे आहे, भरपूर आहे. पण पोराची परीक्षा होते ती जादू हाताशी असताना न वापरण्याची. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे टॉल्किन हे तर पक्के कॅथलिक. त्यांच्याही गोष्टीत गँडाल्फ नावाचा जादूगार अफाट सत्ता देणारी अंगठी नाकारतो, चांगल्या कामासाठी वापरायचा मोह होईल याच भीतीने. (ती अंगठी नष्ट होते 25 मार्चला. देवदूताने मरियेला निरोप दिला त्या सणाच्या दिवशी!)

"हो, पण हॅरी पॉटरचं तसं नाही ना," असं एक फादर मला म्हणाले होते. गँडाल्फ मुळात माणूसच नाही, देवदूतांच्या जातीचा आहे. हॅरी पॉटर लिहिणाऱ्या रोलिंगबाईंच्या गोष्टीतल्या शाळेत मात्र साधी मुलं गणितासारखी मंत्रांची तासिका करतात. हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. माझं म्हणणं एवढंच, की ती विद्या जन्मजात आहे. मंत्र पाठ करून आपल्यासारख्याला ती येत नाही आणि तिच्यासाठी कुणी भुताखेतांना बोलावत नाही. भविष्य शिकवणाऱ्या बाईंची तर पुस्तकभर टिंगलच आहे. त्यांची दोन भाकितं खरी ठरतात, तिथे माझा मुद्दा जरा लंगडतो खरा. पण मरण चुकवण्यासाठी खून पाडून आत्म्याचे तुकडे करतो तो खलनायक, आणि नायक शेवटी कांडी आत ठेवून मरणाला सामोरा जातो. त्याच्या आईवडिलांच्या थडग्यावरची ओळ पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातली आहे: शेवटी ज्याचा नाश होईल तो शत्रू म्हणजे मृत्यू.

आता मला थोडं बोलू द्या. पुस्तक काढून घेणाऱ्या काही घरांत सकाळी पेपर आला की आधी राशिभविष्याचं पान उघडतं. ही प्रार्थना 11 जणांना पाठवा, नाहीतर वाईट बातमी येईल, असा मेसेज मला पाठवणाऱ्याही याच घरांतल्या बायका. राशिभविष्य परिच्छेद 2116 मध्ये नावानिशी आहे. आणि धमकी घालून पाठवलेल्या प्रार्थनेला मी करणीच म्हणते, वर क्रूसाचं चित्र असलं तरी.

मुलांना मी एकाच गोष्टीसाठी दरडावते: प्लँचेट. सुट्टीत भावंडं जमली, दिवे घालवले, वाटीवर बोटं ठेवली आणि आजोबांना बोलावलं, हे गोष्ट वाचणं नव्हे. बायबलमधला शौल राजा एन-दोर गावच्या, मेलेल्यांना बोलावणाऱ्या बाईकडे गेला तो यासाठीच. खेळ म्हणूनसुद्धा नाही.

बाकी पॉटरचा चौथा भाग 9 वर्षांच्या मुलाला एवढ्यात देऊ नका. कारण धर्माचं नाही. शेवटी एक चांगला पोरगा मरतो, आणि मग रात्री झोप तुमची जाते.